पेपरात काय नाही आलं?

आमच्या घरी सकाळी पेपर आला की पाच मिनिटांत त्याचे तुकडे व्हायचे. वडिलांकडे पहिलं पान आणि अग्रलेख. भावाकडे शेवटचं पान, म्हणजे क्रिकेट. आईच्या वाट्याला उरलेलं सगळं, तेही दुपारी ओटा आवरून झाल्यावर. आत्या आमच्याकडेच राहायची. ती थेट आतलं एक पान काढून घ्यायची: निधन वार्ता. चष्मा लावून, बोट फिरवत, वरपासून खालपर्यंत. ओळखीचं कुणी नसलं तरी. कोण कोण गेलं हे कळल्याशिवाय तिचा चहा संपत नसे.

पुढे मी माध्यमांचा अभ्यास हा विषय घेतला तेव्हा तिनेच विचारलं, "म्हणजे तू टीव्हीवर बातम्या सांगणार?" नाही म्हटल्यावर, "मग पेपरात लिहिणार?" तेही नाही म्हटल्यावर तिनं विषय सोडून दिला. तिचं काही चुकलं नव्हतं. या विषयाचं नाव ऐकून शंभरातल्या नव्वद जणांना पत्रकारितेचा कोर्सच आठवतो.

फरक स्वयंपाकघरातून सांगता येतो. आमटीला फोडणी कशी द्यायची ही एक विद्या. त्या घरात आधी कोण जेवतं, गरम पोळी कुणाच्या ताटात पडते, सगळ्यांत शेवटी बसणारीसाठी आमटी किती उरते, हे बघणं ही दुसरी. पत्रकारिता पहिल्या जातीची, माध्यमांचा अभ्यास दुसऱ्या. बातमी, मालिका, जाहिरात, रील, फॉरवर्ड हे सगळं कोण बनवतं, कुणाच्या पैशावर बनवतं, त्यात कोण दिसतं, कोण दिसतच नाही आणि ते घरी पोचल्यावर लोक त्याचं काय करतात, एवढाच हा विषय. बाकीचे जड शब्द परीक्षेपुरते.

सुरुवात आत्याच्या पानापासूनच करू. कुठल्याही मराठी दैनिकातल्या निधन वार्ता घ्या आणि पुरुष नि बायका वेगवेगळ्या करून वाचा. पुरुष असला तर नावाआधी बहुधा काम येतं: सेवानिवृत्त मुख्याध्यापक, प्रगतशील शेतकरी, एसटीचे माजी वाहक. बाई असली तर नातं येतं: अमक्यांच्या मातोश्री, तमक्यांच्या पत्नी. मग 'त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, विवाहित मुली, नातवंडे असा परिवार आहे'. बाईनं तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली असो, नाहीतर बाजारात भाजीचा गाळा, दोन ओळींत त्याला जागा मिळाली तर नशीब.

यात कुणा संपादकाचा फतवा नाही. मजकूर घरचेच देतात. तरी तो नागपूरला आणि सांगलीला जवळपास एकसारखा उतरतो, कारण आपण सगळेच वर्षानुवर्षं ते पान वाचून 'असं लिहायचं असतं' हे शिकलेलो असतो. माध्यमं म्हणजे समाजाचा आरसा, असं भाषणात म्हणायची पद्धत आहे. पण कसं उभं राहायचं हे आरसा कुणाला शिकवत नाही. पेपर शिकवतो.

दर्पण, आणि त्यात न दिसणारे

मराठीतल्या पहिल्या वृत्तपत्राचं नावच मुळी 'दर्पण'. बाळशास्त्री जांभेकरांनी ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलं. आपण पत्रकार दिन पाळतो तो त्याच तारखेला. एका रकान्यात मराठी, शेजारच्या रकान्यात इंग्रजी. म्हणजे पहिल्याच अंकापासून वाचक दोन: इकडचा शिकू लागलेला माणूस आणि तिकडचा राज्य करणारा साहेब. कोणत्या भाषेत छापायचं हे ठरलं की कुणाशी बोलायचं हेही ठरतं. पेपराचा अभ्यास बातमी वाचण्याच्या आधी, रकाने बघूनच सुरू होतो तो असा.

पण त्या आरशासमोर उभं राहायला सगळ्यांनाच मिळालं नाही. १८७७ साली सत्यशोधक चळवळीतल्या कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' हे पत्र काढलं ते त्यामुळेच. आणि ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं, शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या आधारावर. त्या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, हे आंबेडकरांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. जाहिरात, तीही पैसे मोजून. फुकट बातमी छापा असं कुणी म्हणतच नव्हतं.

'मूकनायक'च्या पहिल्या अंकातला लेख आज वाचला तर तो चक्क माध्यमांचं परीक्षण निघतो. मुंबई इलाख्यातल्या पत्रांवरून नजर फिरवा, त्यातली बरीचशी विशिष्ट जातींचं हित बघतात आणि इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नसते, असं त्यात सरळ म्हटलंय. पुढे हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा आहे: एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मनोऱ्याला शिडी नाही. मला विचाराल तर मराठीतला माध्यम-अभ्यासाचा पहिला धडा हाच. आपल्या विद्यापीठांत हा विषय पोचण्याच्या कितीतरी आधीचा, आणि आजही अभ्यासक्रमात तो इतिहासाच्या प्रकरणात टाकतात, सिद्धांताच्या नाही, याचं मला वाईट वाटतं.

यातून अभ्यासाची एक युक्ती हाती लागते. समजा, कुणी १९२० सालच्या फक्त बड्या पत्रांच्या फायली काढून 'त्या काळचा महाराष्ट्र' लिहायला बसला. त्याला पुष्कळ काही सापडेल, पण आपल्या फायलींत काय नाही हे त्या फायली त्याला सांगणार नाहीत. म्हणून या विषयात छापलेल्याइतकंच न छापलेलंही पुरावा म्हणून धरतात. १९९६ साली दिल्लीतले ज्येष्ठ पत्रकार बी. एन. उनियाल यांना एका परदेशी वार्ताहरानं विचारलं, एखादा दलित पत्रकार ओळखीचा आहे का? त्यांनी शोध घेतला आणि त्यांना एकही सापडला नाही. त्यावर त्यांनी लेख लिहिला. सगळा अभ्यास एका साध्या प्रश्नातून झाला, आणि तो प्रश्न बाहेरच्या माणसाला पडला.

कशाबद्दल बोलायचं, हे कोण ठरवतं

१९६८ सालच्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन प्राध्यापकांनी चॅपल हिल या गावातल्या, मत अजून पक्कं न झालेल्या १०० मतदारांना विचारलं: सध्या महत्त्वाचे प्रश्न कोणते? शेजारी त्या लोकांपर्यंत पोचणाऱ्या पेपर, मासिकं आणि टीव्हीतल्या बातम्या मोजल्या. दोन्ही याद्या जवळपास एकाच क्रमानं लागल्या. १९७२ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि विषयाचा पाया ठरला. सांगणं थोडक्यात असं: काय मत बनवावं हे माध्यमं तुम्हाला सांगू शकतील किंवा नाही, पण मत कशाबद्दल बनवावं हे ती ठरवतात. पारावरच्या गप्पा कुठल्या विषयावर रंगणार हे पारावर ठरत नाही.

आपल्याकडचं उदाहरण ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ वारंवार देतात. २००६ साली विदर्भात कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या आत्महत्या चालू होत्या. त्याच वेळी मुंबईत एक फॅशन वीक भरला होता आणि त्यासाठी ५१२ पत्रकारांची नोंद झाली होती. विदर्भाबाहेरून आत्महत्यांचं वार्तांकन करायला आलेले सहा. त्या रॅम्पवर त्या वर्षी सुती कपडे मिरवत होते.

इथे बहुतेकांना वाटतं की कुणीतरी बसून कट केला असेल. क्वचित तसंही होतं, पण बहुतेक वेळा कारण कंटाळवाणं असतं. फॅशन वीक एका हॉटेलात असतो, वेळापत्रक छापून येतं, फोटो तिथेच मिळतात, जाहिरातदार खूश असतो. यवतमाळच्या आतल्या गावी जायला दोन दिवस जातात आणि हाती एक बातमी लागते. डेस्कवरच्या उपसंपादकाला रात्री पान छपाईला सोडायचं असतं. प्रेसनोट आलेली असते ती लागते. न आलेली बातमी कुणी शोधत बसत नाही.

पैशाचं गणितही सांगायला हवं. तुम्ही दाराशी पेपरचे जे चार-पाच रुपये देता त्यात साधा कागद नि छपाईही नीट सुटत नाही. बाकीचं जाहिरातीतून येतं. म्हणजे धंद्याच्या हिशेबात पेपर हा माल आणि तुम्ही गिऱ्हाईक, असं नाही. गिऱ्हाईक जाहिरातदार, आणि त्याला विकला जाणारा माल म्हणजे तुमचे डोळे. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरतं, आणि नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणायचं काम त्याच्याच गळ्यात. त्या नेत्याविरुद्धची बातमी त्यानं कशी द्यावी? २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत तर एकमेकांचे स्पर्धक असलेल्या पेपरांत एकच कौतुकाचा मजकूर शब्दन् शब्द सारखा, वेगवेगळ्या नावांनी छापून आल्याचं उघड झालं. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हापासून आपल्याकडे रुळला.

लाठीमार 'करण्यात आला'

एक बारीक गोष्ट दाखवते, कारण तिच्यासाठी ना प्रयोगशाळा लागते ना संगणक.

'पोलिसांनी लाठीमार केला.' 'लाठीमार करण्यात आला.' 'लाठीमार झाला.'

तिन्ही वाक्यांत काठ्या तेवढ्याच पडल्या. पहिल्यात कुणी मारल्या ते दिसतं. दुसऱ्यात मारणारा पडद्याआड गेला. तिसऱ्यात तर लाठीमार पावसासारखा आपोआप पडला. 'करण्यात आला' हे मराठी पत्रकारितेचं लाडकं क्रियापद आहे. ते सरकारी टिपणीतून प्रेसनोटमध्ये, प्रेसनोटमधून बातमीत आणि बातमीतून आपल्या बोलण्यात येतं. मग झोपड्या 'हटवण्यात येतात', दरवाढ 'करण्यात येते', 'विवाहितेवर अत्याचार' होतात, पण करणारा तिसऱ्या परिच्छेदात, सापडला तर.

क्रियापदानंतर अवतरणचिन्हं बघा. कोणाचं म्हणणं त्याच्या तोंडच्या शब्दांत येतं, आणि कोणाचं नुसतं वर्णन होतं? मंत्री 'म्हणाले', आयुक्तांनी 'स्पष्ट केले', कंपनीच्या प्रवक्त्याने 'सांगितले'. मोर्चातले लोक मात्र 'आक्रमक झाले' आणि 'संताप व्यक्त केला'. त्यांना भावना मिळाल्या, वाक्य मिळालं नाही. एकदा हे दिसायला लागलं की पेपर पूर्वीसारखा वाचता येत नाही, आणि घरच्यांना तुमचा कंटाळा येतो तो वेगळाच.

पण लोक काय मेंढरं आहेत?

इथवर वाचून कुणालाही वाटेल की माध्यमं सांगतात आणि लोक माना डोलावतात. सुरुवातीला अभ्यासकांनाही तसंच वाटायचं. संदेश म्हणजे बंदुकीची गोळी: सुटली की लागली. त्याचा पुरावा म्हणून ३० ऑक्टोबर १९३८ ची रात्र हमखास सांगितली जाते. ऑर्सन वेल्सनं अमेरिकी रेडिओवर मंगळवासीयांच्या हल्ल्याचं नाटक बातम्यांच्या थाटात सादर केलं आणि म्हणे सगळा देश रस्त्यावर आला. नंतर खोलात शिरलेल्यांना वेगळंच दिसलं. त्याच रात्री घेतलेल्या फोन-पाहणीत तो कार्यक्रम लावलेली घरं शंभरात दोन. थोडे लोक घाबरले हे खरं, पण देशभरच्या घबराटीची बातमी मोठी केली ती पेपरांनी. त्या काळी रेडिओ पेपरांच्या जाहिराती पळवत होता, हे लक्षात घेतलं की तो उत्साह समजतो.

१९४० च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एका परगण्यात तेच मतदार महिनोन् महिने पुन्हा पुन्हा गाठले. निघालं असं की प्रचारानं मत बदललेले फारच थोडे, आणि रेडिओ-पेपरपेक्षा ओळखीच्या, चार गोष्टी जास्त वाचणाऱ्या माणसाचं ऐकणारे पुष्कळ. खेड्यात पेपर मोठ्यानं वाचून दाखवणारे गुरुजी ज्यानं पाहिलेत त्याला हे कळायला ओहायोला जायची गरज नाही. गुरुजी नुसतं वाचत नसत. मधे थांबून चष्म्यावरून बघत, आणि गावाला बातमीपेक्षा ते बघणं कळे.

मग १९७३ मध्ये स्टुअर्ट हॉलनं गोष्ट आणखी पुढे नेली. जमैकात जन्मलेला, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला शिकवणारा हा माणूस. त्याचं म्हणणं: बनवणारा अर्थ भरतो, बघणारा अर्थ काढतो, आणि दोन्ही जुळतीलच असं नाही. कुणी बनवणाऱ्याचा अर्थ जसाच्या तसा घेतो. कुणी 'तसं बरोबर आहे, पण आमच्याकडे नाही चालत' म्हणून घासाघीस करतो. कुणी तो साफ उलटा करतो. दूरदर्शनवरच्या 'महाभारत' मालिकेतलं द्रौपदी वस्त्रहरण बघणाऱ्या दिल्लीतल्या सामान्य घरांमधल्या बायकांशी अभ्यासक पूर्णिमा मंकेकर बसून बोलल्या. पुराणकथा सगळ्यांना पाठ होती. पण त्या प्रसंगात कित्येकींना दिसला तो स्वतःच्या घरातला आणि रस्त्यावरचा असुरक्षितपणा, आणि सभेत गप्प बसलेल्या थोरामोठ्यांचा राग.

असलं काही फॉर्म भरून घेऊन हाती लागत नाही. बसावं लागतं. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही पोचवायचा 'साईट' प्रयोग झाला तेव्हा काही अभ्यासक त्या खेड्यांत जाऊन राहिले होते. टीव्हीसमोर कोण पुढे बसतं, कोण भिंतीआडून बघतं, बायका कधी उठून जातात, हे मुक्काम केल्याशिवाय दिसत नाही.

राईनपाडा

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. त्याआधी कित्येक आठवडे मुलं चोरणाऱ्यांचे संदेश मोबाईलवर फिरत होते. देशभर फिरलेल्या अशा व्हिडिओंपैकी एक तर पाकिस्तानातल्या बालसुरक्षेच्या जागृतीसाठी बनवलेला होता, शेवटचा खुलासा कापून टाकलेला.

सगळे म्हणाले, व्हॉट्सअ‍ॅपने मारलं. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली, आणि अफवांपासून सावध करणाऱ्या पानभर जाहिराती दिल्या. दिल्या कुठे? पेपरात.

गोळीचा सिद्धांत इथे परत डोकं वर काढतो, म्हणून थांबून बघायला हवं. तोच संदेश लाखोंनी वाचला, आणि सगळीकडे माणसं मेली नाहीत. मोबाईलचं स्वतःचं काम काय? संदेश अनोळखी पेपराकडून येत नाही, मेव्हण्याकडून येतो, बचत गटातल्या ताईकडून येतो. ओहायोतला तो ओळखीचा माणूस आता दर मिनिटाला खिशात वाजतो. आणि बंद गटात काय चाललंय हे बाहेरच्या कुणाला दिसत नाही, त्यामुळे खोडून काढणाराही पोचत नाही. हे झालं माध्यमाचं. पण जमावानं बाजारातल्या कापड दुकानदाराला पकडलं नाही. झोळीवाल्यांना पकडलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कित्येक भटक्या जमातींवर जन्मजात चोर असा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला, पण पालं टाकून राहणाऱ्यांकडे बघायची नजर तशीच राहिली. वर्षभराचे पेपर चाळून बघा, भटका माणूस त्यात किती वेळा येतो आणि कुठल्या पानावर येतो. गुन्हे वृत्तात 'संशयित' म्हणून येतो. त्याचं घर, त्याचं गाणं, त्याच्या पोरांची शाळा येत नाही. अफवेला जागा लागते, आणि ती जागा आधीच्या दीडशे वर्षांच्या न छापलेल्या बातम्यांनी करून ठेवलेली होती.

हे सगळं शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक घरकाम देते. एका आठवड्याचे पेपर, फूटपट्टी, पेन्सिल. कुठल्या विषयाला किती सेंटिमीटर, कुणाच्या तोंडी किती वाक्यं, किती 'करण्यात आले'. आणि निधन वार्तांचं ते पान, पुरुष-बायका वेगळे करून. मुलं कुरकुरत करतात आणि मग आठवड्यानं वर्गात भांडत येतात.

आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. दवाखान्याच्या बाकावर भाऊ म्हणाला, पेपरचं तू लिही, तुझाच विषय आहे. शब्दाची मर्यादा होती, संध्याकाळी सहापर्यंत द्यायचं होतं. मी फोनवर टाइप केलं आणि पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं आतलं पान काढलं. सेवानिवृत्त शिक्षक अमुक यांच्या भगिनी, वृद्धापकाळाने निधन, पश्चात भाऊ, भावजय, भाचे असा परिवार. चाळीस वर्षं तिनं मागच्या खोलीत पायमशीनवर अख्ख्या गल्लीची पोलकी शिवली. माझ्या कॉलेजची पहिली फी त्यातून गेली. मजकूर कुणी कापला नव्हता. मी लिहिलाच तसा होता.